पाणंदवाडीचे वतीदार

पाणंदवाडीची ग्रामसभा आजवर कधी झालीच नव्हती. ती नुसती तहकूब व्हायची. सभेच्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीवरचा कर्णा ओरडायचा, सरपंच इस्त्रीचे कपडे घालून येऊन बसायचे, आणि तासाभरानं गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाल्याचं लिहिलं जायचं. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, असा नियम. मग त्याच सतरंजीवर तीच सात-आठ टाळकी चहा पीत गावाचं भलं करून टाकायची. राज्यघटनेनं गावातल्या प्रत्येक मतदाराला ग्रामसभेचा सभासद केलेलं आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण सभासद असणं वेगळं आणि भर दुपारी कामं टाकून सतरंजीवर जाऊन बसणं वेगळं.

वतीदार आले आणि हे सगळं एका बैठकीत पालटलं.

सरकारी कागदावर या यंत्राचं नाव 'नागरिक सहभाग प्रणाली' असं होतं. ते कुणाच्या जिभेवर बसेना. आपल्या वतीनं बोलतो तो वतीदार, असं कुणीतरी म्हणालं आणि तेच रूढ झालं. त्यामागचं शास्त्र ग्रामपंचायतीच्या अधिकारी तबस्सुम मुलाणी यांनी गावाला चांगलं समजावून सांगितलं होतं. मुलाणी मॅडम मिरजेच्या, वयानं तिशीच्या आत, आणि एकच गोष्ट तीनदा विचारली तरी न चिडणाऱ्या. त्या म्हणाल्या होत्या, "शेजाऱ्यानं पाण्याची बारी मागितली की कोण काय उत्तर देणार, हे तुम्हाला आधीच माहीत असतं की नाही? कारण वर्षानुवर्षं तुम्ही त्याचं बोलणं ऐकलेलं असतं. हे यंत्र तेच करतं, फक्त गणितानं."

यंत्र दोन वर्षं माणसाच्या फोनमधून, त्याची परवानगी घेऊन, त्याचं बोलणं ऐकायचं. कोणत्या प्रश्नावर कोणतं उत्तर येतं, राग कशाचा येतो, कुणापुढे आवाज उतरतो, या सगळ्याचं वजन मांडायचं. मग नवा प्रश्न समोर आला की हा माणूस बहुधा काय म्हणेल ते काढायचं आणि त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायचं. ही सगळी आकडेमोड ग्रामपंचायतीतल्या एका कुलूपबंद लोखंडी कपाटात व्हायची. गावाचं बोलणं गावाबाहेर जात नव्हतं. शिवाय एक नियम होता. माणूस स्वतः सभेत येऊन बसला की त्याचा वतीदार गप्प.

पहिलीच सभा अशी रंगली की सांगता सोय नाही. सतरंजीवर माणसं तीच सात-आठ, पण भिंतीवरच्या पडद्यावर अख्खा गाव हजर. गटाराचा विषय निघाला आणि ऐंशीच्या घरातल्या सोनाकाकूंचा वतीदार कडाडला, "सरपंचा, तुज्या दारातनं गटार व्हायली आसती म्हंजे तुला कळलं आसतं!" खुद्द सोनाकाकू तेव्हा घरी शेंगा फोडत होत्या. कर्ण्यावरून स्वतःचाच आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "बराबर बोलली बया." खालच्या वस्तीतल्या माणसांना वरच्या आळीसमोर उभं राहून बोलणं कधी जमलं नव्हतं. त्यांचे वतीदार कुणाच्या मिशा न बघता बोलले आणि त्या वस्तीत महिन्याच्या आत दिवे लागले. तेव्हा यंत्राला नावं ठेवायची तर जपून ठेवावीत.

वनिता खराडे यांना तर वतीदार फारच सोयीचे वाटले होते. त्यांचे यजमान संपतनाना दूध संघातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरात बोलण्याचा पूर आला. नाना माणूस लाख मोलाचा. हौशी, कामसू, चार लोकांच्या मदतीला धावणारा. पण त्यांना बोलायला लागायचं आणि ऐकणारं माणूस घरात एकच. वनिताबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षातच एक युक्ती शोधली होती. नाना काहीही म्हणाले की त्या "बरं" म्हणायच्या. मग जे करायचं ते आपल्या पद्धतीनं करायच्या. नाना म्हणाले, भिंतीला पिवळा रंग देऊ, की बरं. नाना म्हणाले, यंदा हरभरा नको, की बरं, आणि मग बांधाच्या कडेनं गुपचूप चार ओळी हरभरा. यात भांडण नव्हतं, डोक्याला ताप नव्हता. पाणंदवाडीतल्या निम्म्याहून अधिक संसारांचा गाडा याच तेलावर चालत होता.

अडचण आली ती ड्रोनतळाची.

फवारणी, औषधं, टपाल, सगळंच आता ड्रोननं यायचं. तालुक्यात ज्या गावात तळ होईल त्या गावाला भाडं मिळणार होतं आणि चार जणांना काम. नानांनी हा विषय असा अंगावर घेतला की झोपेत सुद्धा ते तळाचं क्षेत्रफळ सांगायचे. तळाचे व्यवस्थापक म्हणून सरपंच धैर्यशील पाटलांनी त्यांचंच नाव धरलं होतं. जागाही ठरली. ग्रामपंचायतीला लागून असलेला जुना कोंडवाडा पाडायचा आणि तिथे तळ बांधायचा.

"पडीकच तर हाय," नाना जेवताना म्हणाले. "चार भिंती, वर छप्पर न्हाई. मोकाट गुरं तरी कुठं ऱ्हायलीत आता कोंडायला?"

"बरं," वनिताबाई म्हणाल्या, पण हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला.

कारण कोंडवाडा पडीक नव्हता. गुरं गेली त्या दिवसापासून तो बायकांचा होता. पुरुषभर उंचीच्या दगडी भिंती, आत एक लिंबाचं झाड, आणि गुरांच्या जागेत पुरुष कशाला येतील? दुपारची कामं उरकली की पंधरा-वीस जणी तिथे जमायच्या. कुरडया वाळायच्या, गोधड्या शिवल्या जायच्या, सासूची नक्कल व्हायची, आणि ती बघून सासवाच पोट धरून हसायच्या. वनिताबाईंच्या धाकट्या जाऊबाईंनी, मंगलनं, बाहेरून दहावीचा अभ्यास केला तो याच भिंतीला टेकून. गावातली खरी सभा तिथे भरायची आणि ती कधी तहकूब होत नसे.

त्या सभेची स्वतःची घटनाही होती, फक्त ती कुठे लिहिलेली नव्हती. इथलं बोलणं इथंच ठेवायचं. भांडण झालं तरी उद्या यायचं. कोपऱ्यात गप्प बसलेलीला विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे फोन आत आणायचा नाही. फाटकाच्या खिळ्याला एक दुरडी टांगलेली असे, सगळ्यांचे फोन तिच्यात. "चहा कुठाय?" असं विचारणारा एकही फोन आत वाजता कामा नये म्हणून सोनाकाकूंनीच हा नियम पास करून घेतला होता. मोडणारीनं सगळ्यांना भजी घालायची. आजवर दोनदाच भजी झाली होती.

तळाची बातमी कळताच कोंडवाड्यात विषय निघाला. एकेकीला विचारलं गेलं. प्रत्येकीनं "नको" म्हटलं, आणि नुसतं नको नाही, कारणासकट.

"मग झालं तर," मंगल कुरडईचा साचा पिळत म्हणाली. "आपन बाया पडलो गावात निम्म्याच्या वर. आपले वतीदार सांगतील की सभेत. आपन कशाला जायाचं?"

सगळ्यांना ते पटलं. वनिताबाईंना तर हायसंच वाटलं. नानांच्या तोंडावर नाही म्हणण्याचा प्रसंग टळला होता. आपला वतीदार सभेत म्हणेल, नाना दोन दिवस फुरंगटतील, आपण वांग्याचं भरीत करू, संपलं. या शहाण्या बायांपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही की वतीदार ऐकतो तो फोनमधून आणि फोन बाहेर दुरडीत होते.

सभेच्या दिवशी दुपारी सगळ्या जणी नेहमीसारख्या कोंडवाड्यात जमल्या. भिंतीपलीकडे कर्णा बोलत होता. सरपंचांनी ठराव वाचला, आणि मग एकेका वतीदाराचं मत पुकारलं जाऊ लागलं. बायका कान टवकारून बसल्या. मंगलचा नंबर आला.

"मोठी मानसं म्हंतील तसं," मंगलचा आवाज कर्ण्यावरून म्हणाला.

मंगलच्या हातातून साचा निसटला. "मी? मी असं कवा म्हनले?"

कुणी काही बोलायच्या आत पुढचा आवाज आला. "आमच्यात मालकांना इचारा." त्याच्या मागून, "माजं काय, चालंल." मग, "काय हरकत न्हाई." कोंडवाड्यात बसलेल्या एकेकीचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, आणि एकेक जण कोंडवाडा पाडायला निघाली होती. सोनाकाकूंचा वतीदार तेवढा "मुडदा बशिवला तुमचा" म्हणाला, पण सोनाकाकू चाळीस वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. घरात त्यांना कुणापुढे गप्प बसायची गरजच नव्हती.

"वनिता संपत खराडे," कर्णा म्हणाला.

वनिताबाईंनी पदर घट्ट धरला.

"बरं," त्यांचाच आवाज म्हणाला. "हे म्हंतील तसं."

तो आवाज इतका हुबेहूब होता, इतका गोड आणि समाधानी, की वनिताबाईंना त्याचा मनापासून राग आला. ठराव मोठ्या बहुमतानं मंजूर झाला. पलीकडून टाळ्या ऐकू आल्या, आणि त्यात नानांची टाळी वेगळी ओळखू येत होती.

"मशीन बिघडलंय," मंगल म्हणाली. "चला मॅडमकडं."

मुलाणी मॅडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. यंत्र तपासून पाहिलं, ते ठणठणीत होतं. मग त्या वनिताबाईंना म्हणाल्या, "तुम्हीच विचारा ना तुमच्या वतीदाराला. प्रत्येक नागरिकाला तो अधिकार आहे." आणि त्यांनी पडदा वनिताबाईंकडे वळवला.

स्वतःशी बोलायचं म्हणजे सुरुवात कशी करावी, हे वनिताबाईंना कळेना. शेवटी त्या म्हणाल्या, "का गं, हो का म्हनलीस?"

"तुम्ही तेच म्हणाला असतात," त्यांचाच आवाज सरकारी भाषेत म्हणाला.

"मी न्हाई म्हननार हुते!"

"दोन वर्षांत तुम्ही 'न्हाई' म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. एकदा म्हणाला होतात, पण ते मांजराला."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वनिताबाईंना हसू आलं नाही. "मनात म्हनत हुते की," त्या म्हणाल्या. "रोज म्हनत हुते."

"मनातलं मला ऐकू येत नाही."

"आन कोंडवाड्यात बोललेलं?"

"रोज दुपारी काही वेळ मला फक्त पानांची सळसळ ऐकू येते."

आता दुरडी सगळ्यांना आठवली. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सोनाकाकूंनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला आणि "माजाच नियम गं बायांनो" म्हणून खाली बसल्या.

मुलाणी मॅडमनी पडदा बंद केला. "मला एक सांगू द्या," त्या म्हणाल्या. "दिल्लीला आपला खासदार बसतो, मुंबईला आमदार, जिल्ह्याला सदस्य. सगळीकडे आपल्या वतीनं दुसरं कुणीतरी. घटनेनं इतका मोठा कारभार मांडला, पण नागरिक स्वतः जाऊन बसेल अशी जागा त्यात एकच ठेवली, ती म्हणजे ग्रामसभा. तिथेही आपण वतीदार पाठवला तर मग सगळ्या राज्यकारभारात आपण स्वतः कुठेच उरत नाही."

"मग आता?" मंगलनं विचारलं.

"आता फेरविचाराची मागणी करता येते. पुरेशा सभासदांनी केली की पुन्हा सभा लावावीच लागते, सरपंचांना नाही म्हणता येत नाही. हा तुमचा हक्क. पण त्या सभेला स्वतः यायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं. ते काम मी करू शकत नाही आणि यंत्रही करू शकत नाही."

मागणी तिथल्या तिथे झाली. सह्या करताना सगळ्यांना जोर चढला होता. घरी जाताना मात्र वनिताबाई सगळ्यांच्या मागे राहिल्या. हक्क आहे हे ठीक. पण सभेत नाना समोर असतील. भर गावात, त्यांच्या हौशीच्या कामाला, त्यांच्याच बायकोनं नाही म्हणायचं. नानांचा चेहरा पडलेला त्यांना कधी बघवत नसे. लग्नाआधीचं सोडलं तर कुणाच्याही तोंडावर त्या नाही म्हणाल्या नव्हत्या, आणि आता जमेल का, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

नानांना सगळं आधीच कळलं होतं. "फेरविचार मागितलाय म्हनं कुनी बायकांनी," ते बूट काढता काढता म्हणाले. "तुजा काय संबंध न्हाई न्हवं त्यात?"

आता सांगावं, असं वनिताबाईंना वाटलं. तोंड उघडलं. नाना थकून आले होते, आनंदात होते, आणि तळाच्या फाटकाला कोणता रंग द्यावा हे सांगायला लागले होते.

"बरं," वनिताबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन भाकरी थापताना स्वतःवर इतक्या चिडल्या की पहिली भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच फाटली.

फेरविचाराच्या सभेला ग्रामपंचायतीत कधी नव्हे ती माणसं जमली. इतकी माणसं येतील अशी ग्रामपंचायतीलाच सवय नव्हती. सतरंजी पुरेना, मग शाळेतून बाकं आणली, मग देवळातून चटया. बायका एकेक करून आत येत होत्या आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्यांचे वतीदार एकेक करून मिटत होते. नाना पुढच्या रांगेत बसले होते. वनिताबाई दारातून आत आल्या तेव्हा नाना कौतुकानं शेजारच्याला म्हणाले, "बघा, आमची पन आली, पाठिंबा द्यायला." हे ऐकून वनिताबाईंना परत फिरावंसं वाटलं.

सरपंच धैर्यशील पाटील तसे भले गृहस्थ. त्यांनी ठराव पुन्हा वाचला आणि म्हणाले, "हं, बोला आता. पैलं कोन?"

मंगल उठली. कोंडवाड्यात सगळ्यांत जास्त आवाज तिचाच. ती उभी राहिली, समोर नवरा बसलेला पाहिला, त्याच्या शेजारी चुलतसासरे, त्यांच्या शेजारी शाळेचे गुरुजी. तिचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला.

"माजं काय..." ती म्हणाली. "मोठी मानसं म्हंतील तसं."

आणि मटकन खाली बसली. बसल्यावर तिला काय झालं ते कळलं आणि ती रडकुंडीला आली. वतीदारानं अगदी हेच शब्द म्हटले होते. दुसरी उठली, ती नुसतीच "चालंल" म्हणाली. तिसरीनं तर उठायलाच नकार दिला. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी हसून म्हणालं, "मग कशाला मॅडम, सभा लावली? मशीन बराबर हुतं की!"

वनिताबाईंना तेव्हा खरी भीती वाटली. इतके दिवस त्या समजत होत्या की यंत्रानं आपल्याला चुकीचं ओळखलं. पण यंत्र चुकलं नव्हतं. बाई कोंडवाड्यात वेगळी आणि चारचौघांत वेगळी, आणि चारचौघांतली जी, ती यंत्राला पक्की ठाऊक होती. आज आपणही "बरं" म्हणालो तर कोंडवाडा जाईल, ते एक. पण त्यानंतर आपण स्वतः सभेला आलो काय आणि कपाटातला वतीदार बोलला काय, दोन्ही सारखंच. मग वनिता खराडे म्हणून जे कुणी आहे ते त्या कपाटातच राहील.

"वनिता संपत खराडे," मुलाणी मॅडमनी पुकारलं.

वनिताबाई उठल्या.

"आमच्या हिचं हो हाय," नाना बसल्या बसल्या म्हणाले. "लिवा."

"नाना, त्यांना बोलू द्या," मॅडम म्हणाल्या.

"मग बोलू दे की. मी कुटं अडीवलंय?" नाना मागे वळले आणि बायकोकडे बघून प्रेमानं हसले. त्या हसण्यानंच घोटाळा केला. वनिताबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बरं."

हशा पिकला. मॅडमचा चेहरा उतरला. मागे मंगल आता खरोखरच रडायला लागली.

"थांबा," वनिताबाई म्हणाल्या. "ते तोंडानं म्हनलं. आता मी म्हनते." त्यांचा आवाज कापत होता. नानांकडे बघितलं तर जमणार नाही हे त्यांना कळत होतं, आणि तरी त्या नानांकडेच बघत राहिल्या. न बघता म्हटलेलं त्यांना चोरून म्हटल्यासारखं वाटलं असतं. "न्हाई. कोंडवाडा पाडायला माजी हरकत हाय."

नानांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"अगं, पन..." नाना म्हणाले.

"माजं व्हायचंय अजून. या गावात बसायच्या जागा किती, मोजा. पारावर तुमी. देवळाच्या कट्ट्यावर तुमी. डेरीफुडं तुमी. यष्टीच्या थांब्यावर बी तुमीच, यष्टी येत नसली तरी. आमाला हाय ती येवडी चार भिंतींची जागा. तुमी तिला पडीक म्हनता कारन तितं तुमी नसता."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी "व्हय" म्हणालं.

"तळ नको, असं मी म्हनत न्हाई," वनिताबाई पुढे म्हणाल्या. आता आवाज कापत नव्हता, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "तळ पायजे. फवारनीला चार दिस वाट बगायची पाळी माज्यावर बी येती. पन शाळेच्या आन दवाखान्याच्या मधी कशाला? दिसभर डोक्यावर भुंगे घोंगावनार. पोरांनी शिकायचं कवा? तळ्याकडच्या माळावर करा. तितं मोकळं रान हाय."

"माळावर वीज न्हाई, काकी," सरपंच म्हणाले.

"कोंडवाड्यात तरी कुटं हाय? तळाची मोठी लाइन हितं बी नवीच वडायची हाय, तर तिकडं वडा."

सरपंचांनी डोकं खाजवलं. खरंच, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि का आलं नव्हतं, तर बायकांना कुणी विचारलंच नव्हतं. सोनाकाकू काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, "माजं बी न्हाई. आन मला परत उटाय लावू नगा." त्यांच्या मागून मंगल उठली. डोळे पुसून, नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "मगाचं खोडा. मला माजं मत परत द्या." मॅडमनी ते खोडलं. मग जी उठायलाच तयार नव्हती ती उठली. एकदा सुरुवात झाल्यावर बायका अशा बोलत सुटल्या की मॅडमना हात वर करून सांगावं लागलं, एका वेळी एक.

हात वर झाले, मोजले गेले, आणि कोंडवाडा राहिला. तळ माळावर नेण्याचा ठराव तिथेच मांडला आणि तोही पास झाला. त्याला तर पुरुषांचेही भरपूर हात वर होते. नानांचा हात मात्र पहिल्या ठरावाच्या बाजूनं वर होता तो शेवटपर्यंत वरच राहिला. वनिताबाईंना त्याचं वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. त्यांचं मत त्यांनी दिलं, आपलं आपण दिलं.

वतीदार बंद झाले नाहीत. अंथरुणाला खिळलेल्यांना आणि पोटासाठी पुण्याला गेलेल्यांना ते हवेच होते. पण गावच्या जागेचा विषय असेल तेव्हा जो गावात आहे त्यानं स्वतः यायचं, असं सभेनं ठरवलं. सभा संपता संपता सरपंचांनी हळूच मुलाणी मॅडमना विचारलं, "दर बारीला येवडी मानसं येनार असली तर मंडप घालावा लागंल, न्हवं?" त्यांच्या आवाजात काळजी होती, पण अभिमानही होता.

नाना घरी पुढे निघून गेले होते. वनिताबाई पोचल्या तेव्हा ते कट्ट्यावर बसलेले. बोलत नव्हते. संपतनाना बोलत नाहीत, हा प्रकार त्या घरात नवा होता. वनिताबाईंनी पाय धुतले, आत गेल्या, बाहेर आल्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "रागावला?"

"राग न्हाई," नाना म्हणाले. "तळ काय, हितं न्हाई तितं. पन तुज्या त्या मशीननं हो म्हनलं तवा मला शंका बी आली न्हाई बग. मी म्हनलं, ही आपलीच वनिता. मग आज तू उटलीस, बोललीस, आन मी बगत बसलो. ही कोन बाई? लय चांगलं बोलती ही. मला म्हाईतच न्हवती." त्यांनी मान वर करून बायकोकडे बघितलं. "तीस वर्षं झाली लग्नाला. आनकी कशाकशाला बरं म्हनलीस, मनात नसताना?"

"काय न्हाई," हे शब्द वनिताबाईंच्या ओठांवर आले. मग त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना विचारून मोकळे झाले नव्हते. उत्तराची वाट बघत होते, आणि थोडे घाबरलेही होते.

"लय हाय," वनिताबाई म्हणाल्या. "येळ लागंल."

"मग च्या टाकतो आधी," नाना उठत म्हणाले. "तू बस."

ते आत गेले. भांड्यांचा आवाज झाला, दोन डबे पडले, तिसऱ्यात साखर सापडली. वनिताबाई चौकटीला टेकून बघत होत्या. नानांनी आधणात एक चमचा साखर टाकली, दुसरा भरला आणि विचारलं, "तुला किती लागती?"

"मला नको. मला गोड च्या आवडत न्हाई."

"कवापासनं?"

"पैल्यापासनं."

नाना चमचा तसाच धरून उभे राहिले. तीस वर्षं, सकाळ-संध्याकाळ, त्यांच्या समोर बसून ती तो गोड चहा प्याली होती. आधणाला उकळी फुटली, पाणी गॅसवर उतू गेलं, तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मग त्यांनी पातेलं उतरवलं, ते सगळं मोरीत ओतून दिलं आणि नवं पाणी ठेवलं.

"हं," ते म्हणाले. "दुसरं सांग."